जाऊबाई मला सगळ्यांसमोर कॉपीकॅट म्हणाल्या

"ताई, नमस्कार. मी सांगलीला असते. माझ्या मोठ्या जाऊबाई (मी त्यांना वहिनी म्हणते) बऱ्याच वर्षांपासून संक्रांतीचे हलव्याचे दागिने करून विकतात. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना मदत करत होते, करता करता माझा हात बसला आणि या वर्षी मी माझ्या मैत्रिणींकडून थोड्या ऑर्डरी घेतल्या. एका बाईंनी डिझाईन विचारलं, माझ्याकडे तयार सेट नव्हता म्हणून मी वहिनींच्या स्टेटसवरचा फोटो पुढे पाठवला आणि म्हटलं असं करून देईन, पन्नास रुपये कमी लावते. ती बाई नेमकी वहिनींच्या ओळखीची निघाली. मग वहिनींनी सासरच्या ग्रुपवर टाकलं, 'आपल्या घरात एक कॉपीकॅट आहे, सगळ्यांनी आपापल्या डिझाईन सांभाळा', खाली हसण्याचे इमोजी. सासूबाईंनी त्याला अंगठा दिला. नवरा म्हणतो मस्करी आहे, सोडून दे. पुतण्या पाचवीत आहे, तो तर मला आता कॉपीकॅट काकूच म्हणतो. ताई, ह्या शब्दाचा नेमका अर्थ काय, ही शिवी आहे का? मराठीत ह्याला काय म्हणतात? आणि मी खरंच तशी आहे का? ग्रुपवर काय उत्तर देऊ? - सांगलीची धाकटी"

अगं धाकटे,

पत्र वाचून आधी हसू आलं ते तुझ्या सासूबाईंच्या अंगठ्याला. ग्रुपवरचा अंगठा म्हणजे बहुतेक वेळा "वाचलं गं बाई" एवढाच असतो, त्यात "बरोबर बोललीस" असं काही नसतं, तेव्हा ते आधी मनातून काढून टाक. आता शब्दाकडे येते, कारण तू तोच पहिला विचारलायस आणि तुझं निम्मं दुखणं त्या शब्दाचंच आहे असं मला पत्र वाचताना सारखं वाटत होतं.

कॉपीकॅट हा मुळात शाळकरी पोरांचा शब्द. 1887 च्या एका अमेरिकन पुस्तकात तो छापलेला सापडतो आणि तिथेसुद्धा तो असाच येतो, की आमची मुलं म्हणतात, आधी छापून आलेलं काही तू लिहिलंस तर तू कॉपीकॅट. म्हणजे तुझा पुतण्या ज्या सुरात ओरडतो ना, तोच त्या शब्दाचा अस्सल सूर, पाचवीच्या बाकावरचा. त्यात मांजर कुठून आलं तर लोक सांगतात की पिल्लं आईचं बघून बघून सगळं शिकतात म्हणून. ऐकायला गोड आहे. पण इंग्रजीत माणसाला, त्यातून बाईला, हिणवून कॅट म्हणायची रीत त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून आहे, त्यामुळे मला विचारशील तर ते मांजर लाडातून आलेलं नाही, चिडवण्यातूनच आलेलं आहे.

पुढे हा शब्द मोठ्यांच्या जगात आला आणि त्याचे दोन-तीन रस्ते झाले. एखादा गुन्हा पेपरात टीव्हीवर गाजला आणि कुणीतरी दुसऱ्या गावात तसाच केला तर इंग्रजी पेपरवाले त्याला कॉपीकॅट गुन्हा म्हणतात, तिथे हा शब्द चांगलाच गंभीर आहे. धंद्यात कॉपीकॅट म्हणजे तो माल जो दिसायला नावाजलेल्या मालासारखा पण नाव एका अक्षराने वेगळं, एसटी स्टँडवरचा बिस्किटाचा पुडा घाईत उचलावा आणि गाडीत बसल्यावर वाचावं तर स्पेलिंगच भलतं. आणि गंमत म्हणजे स्वयंपाकात हाच शब्द कौतुकाचा झालाय, अमेरिकेत हॉटेलसारखा पदार्थ घरी जमवला की त्याला बिनधास्त कॉपीकॅट रेसिपी म्हणतात, आणि बायका (पुरुष पण) अभिमानाने तशा रेसिपी टाकतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणजे शब्द तोच, एकीकडे पोलीस केस आणि एकीकडे घरचा पिझ्झा. शिवी आहे का म्हणशील तर नाही, शिवी नाही. टोमणा आहे. आणि टोमणा कोण कुणासमोर मारतंय त्यावर तो किती लागतो ते ठरतं, एकटीला स्वयंपाकघरात म्हणाल्या असत्या तर तू पण हसली असतीस कदाचित.

आता मराठीत काय म्हणतात. ह्याला एक ठरलेला शब्द आपल्याकडे नाही आणि ते मला बरंच वाटतं, कारण आपल्याकडे नक्कल करणाऱ्याची जात बघून नाव ठेवलेलं आहे. परीक्षेत चिठ्ठ्या घेऊन बसणारा तो कॉपीबहाद्दर, दहावी-बारावीच्या सीझनला पेपरात हा शब्द रोज असतो, आणि त्याच्यासाठी आपल्या राज्यात 1982 पासून वेगळा कायदाच आहे. स्वतःचं काही न बोलता दुसऱ्याच्या बोलण्यामागे जाणारा, तो री ओढतो. त्याहून गळाठलेला, पूजेत भटजी सांगतील तिथे पळीभर पाणी सोडून मम म्हणायचं तसं सगळ्याला मम म्हणणारा. दुसऱ्याचं बघून वाईट वळण लागलं तर ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आणि त्याने केलं म्हणून मी केलं असं जो सांगत येतो त्याला आजी ऐकवायची, एकाने गाय मारली म्हणून दुसऱ्याने वासरू मारू नये.

पण ह्याच भाषेत नकल्या हा शब्द पण आहे आणि तो किती प्रेमाने म्हणतात बघ, "मोठा नकल्या आहे हो तुमचा धाकटा". लग्नाच्या आदल्या रात्री मामांची, शेजारच्या काकांची हुबेहूब नक्कल करून दाखवणारा पोरगा घरात एक तरी असतोच आणि त्याच्याशिवाय रंग भरत नाही. जॉनी लिव्हर हे नावच मुळी हिंदुस्तान लिव्हरच्या कंपनीत काम करताना तिथल्या साहेबांच्या नकला केल्या म्हणून पडलं. बहुरूपी दारात पोलिसाचा ड्रेस घालून येतो, दटावतो, आणि आपण हसून त्याला पैसे देतो, कारण ते सोंग आहे हे त्याला पण माहीत आणि आपल्याला पण माहीत. झीलकरी तर तमाशात पोवाड्यात मुख्य गाणाऱ्याची ओळ उचलून धरतो, तेच त्याचं काम, तो नसेल तर शाहिराला दम घ्यायला जागा नाही. ह्यातल्या कुणालाच आपण कॉपीकॅट म्हणत नाही.

आणि कचेरीत तर नक्कल म्हणजे चक्क इज्जतीची वस्तू आहे गं. तलाठ्याकडे सातबाऱ्याची नक्कल मागतात, त्याच्यावर "खरी नक्कल" म्हणून शिक्का बसतो आणि मग ती बँकेत चालते. खरी नक्कल! अरबीतून आलेला शब्द, आपण तो बघ कुठे नेऊन बसवला. ती चालते कारण तिच्यावर लिहिलेलं असतं की ही नक्कल आहे आणि मूळ कागद अमुक ठिकाणी आहे. तुझ्या प्रकरणात मला नेमकं तेच राहिलेलं दिसतंय, पण ते जरा पुढे सांगते.

त्याआधी तो प्रश्न जो तू शेवटी अगदी बारीक आवाजात विचारलायस, की मी खरंच तशी आहे का. बघून शिकणं ह्यात काही कमीपणा आहे असं कुणी तुझ्या डोक्यात भरवलं असेल तर कुमार गंधर्वांची गोष्ट वाच कुठेतरी सविस्तर. 1924 चा जन्म, खरं नाव शिवपुत्र कोमकळीमठ, बेळगावकडचा मुलगा, आणि लहानपणी ह्या मुलाची ख्याती कशाबद्दल तर मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवतो म्हणून. तान तीच, हरकत तीच, जागा तीच. कुमार गंधर्व ही पदवी मिळाली ती त्या वयात. मग मुंबईला देवधर मास्तरांकडे शिकायला आले आणि हाच मुलगा पुढे असा गायला की त्याचं गाणं कुणासारखंच नाही म्हणून लोक भांडले. ज्याने सगळ्यात जास्त नक्कल केली तो सगळ्यात वेगळा निघाला. मला तर वाटतं इतक्या जणांच्या गळ्यातून फिरून आल्यामुळेच त्यांना आपला गळा कुठे आहे ते कळलं असणार. आणि पुढे त्यांनी बालगंधर्वांच्या गाण्यांचा कार्यक्रम केला तेव्हा त्याला नाव काय दिलं तर "मला उमजलेले बालगंधर्व". ह्या नावात सगळं आलं, कुणाचं ते आलं आणि माझं किती ते पण आलं. चाल त्यांची, समज माझी.

बरं स्वतः बालगंधर्व कोण, तर नारायण श्रीपाद राजहंस, पुरुष, रंगभूमीवर बायकांची कामं करणारे. म्हणजे बायकांचं चालणं बोलणं लाजणं हे सगळं बघून बघून उचललेलं, आणि ते इतकं छान उचललं की त्या काळच्या चांगल्या घरातल्या बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला लागल्या, त्यांच्यासारखा गजरा माळायला लागल्या. आता ह्यात कॉपीकॅट कोण ते तूच ठरव. मला ठरवता येत नाही.

आणि ज्ञानेश्वर महाराज तरी काय सांगतात शेवटच्या अध्यायात, की मी व्यासांचा माग काढत आणि भाष्यकारांना वाट विचारत आलोय. वाट विचारत. लपूनछपून नाही.

तर बघून शिकलीस, छान केलंस. आता हलव्याच्या दागिन्यांचंच बोलू, कारण तुझ्या वहिनी म्हणतात "डिझाईन सांभाळा" आणि मला प्रश्न पडला की ह्यातलं नेमकं काय वहिनींचं आहे? नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने, बाळाला बोरन्हाणाला मुकुट नि बासरी, हे कुणा एकीचं नाही, कितीतरी पिढ्यांच्या बायकांचं आहे. मंगळसूत्र, तन्मणी, चिंचपेटी, बाजूबंद, कंबरपट्टा हे आकार सोनारांकडून आलेत, आणि सोनाराने ते त्याच्या आधीच्या सोनाराकडून घेतलेत. हलवा बनवायची रीत पण सगळ्यांची, परातीत तीळ नाहीतर खसखस घ्यायची, मंद आचेवर चमचा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत बसायचं, घाई केली की काटा येत नाही, नुसती गुळगुळीत गोळी होते, आणि बोटं भाजतात ती वेगळीच. हल्ली बहुतेक जणी हलवा विकतच आणतात म्हणा, तू पण आणत असशील. दाण्याला भोक पाडता येत नाही, फुटतो, म्हणून दोऱ्याची गाठ मारून एकेक दाणा अडकवायचा, हेही वहिनींनी शोधलेलं नाही, त्यांना पण कुणीतरी शिकवलंच असेल.

मग वहिनींचं काय आहे? त्यांनी एखादी स्वतःची युक्ती काढली असेल, समज कंबरपट्टा मागून बांधायला रिबीन ऐवजी काही वेगळं केलं असेल किंवा मुकुटाला तारेचा सांगाडा त्यांनीच पहिल्यांदा बसवला असेल, तर ते त्यांचं. इतक्या वर्षांत जमवलेली गिऱ्हाइकं, त्यांचं. रात्री जागून केलेला तो सेट, त्यांचा. आणि तो फोटो, तो तर शंभर टक्के त्यांचा.

इथे मी तुझी बाजू घेणार नाही हां. तू पवळ्यासारखी नुसती वळण लागून बसली असतीस तर मी तुझ्या वतीने त्या ग्रुपवर येऊन भांडले असते. पण तू त्यांच्या हातच्या कामाचा फोटो पाठवलास आणि म्हटलंस असं करून देईन. त्या बाईंना काय वाटलं असेल? की हे हिनेच केलंय. तू खोटं बोलली नाहीस, पण खरं पण सांगितलं नाहीस. त्यावर पन्नास रुपये कमी. म्हणजे वहिनींच्याच कामाने वहिनींची ऑर्डर फोडली. दागिने शिकलीस ह्याचा राग नसणार त्यांना, नाहीतर इतकी वर्षं शेजारी बसवून घेतलंच नसतं. राग फोटोचा आहे, आणि तो रास्त आहे.

कायद्याने बघायचं तरी हीच गोष्ट निघते, म्हणजे कोर्टात जायचं नाहीये तुम्हाला (नका जाऊ बायांनो), पण माहिती असावं. 1957 चा कॉपीराइटचा कायदा आहे, त्यात कल्पनेला संरक्षण नाही, ती कल्पना कशी मांडली त्याला आहे. 1978 साली एका नाटकवाल्याने सिनेमावाल्यावर लावलेल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, विषय सारखा असला म्हणून चोरी होत नाही, मांडणी उचलली आहे का ते बघा. हलव्याचे दागिने करायची कल्पना कुणीही घ्यावी. फोटो मात्र ज्याने काढला त्याचा, मोबाईलवर काढलेला असला तरी, आणि तो माणूस हयात असेपर्यंत आणि त्याच्यानंतरही साठ वर्षं त्याचाच. स्टेटसवर सगळ्यांना दिसतो म्हणून तो सगळ्यांचा होत नाही.

आणि नाव न सांगता घेतलं की काय होतं ते तर तुमच्या शेजारच्या जिल्ह्यानेच बघितलंय. जून 2025 ला मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादा ह्या इटालियन कंपनीने पुरुषांच्या पायात चपला घातल्या, कुणीही लहान पोर सांगेल कोल्हापुरी म्हणून, आणि कोल्हापूरचं नाव कुठे नाही. कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय टॅग (ही वस्तू ह्याच भागातली असा सरकारी शिक्का) मिळालेला आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे, त्यात तुझी सांगली पण येते. आरडाओरडा झाला, मग कंपनीने मान्य केलं की हो, भारतीय कारागिरीवरून घेतलंय. कारागीर काही असं म्हणत नव्हते की तशा चपला कुणी करूच नका, इकडे निम्मा बाजार एकमेकांचंच बघून चालतो. पहिला राग नावाचा होता. नाव घ्यायला काय पैसे पडत होते?

वहिनींची चूक पण सांगते, नाहीतर तू म्हणशील ताईने सगळं माझ्याच माथी मारलं. त्यांनी फोटोबद्दल फोन करून विचारायला हवं होतं. "माझा फोटो का पाठवलास" हे वाक्य कडू आहे पण त्याला उत्तर देता येतं. "घरात एक कॉपीकॅट आहे" ह्याला उत्तरच नाही, कारण त्यात तू काय केलंस ते कुठेच नाही, तू कशी आहेस एवढंच आहे. नाव न घेता मारलंय म्हणून तू बोललीस तर "तुला कशाला लागलं, मी कुणाचं नाव घेतलं का" आणि गप्प बसलीस तर गुन्हा कबूल. सासरच्या ग्रुपवर टोमणे मारणाऱ्यांचा हा जुना खेळ आहे, त्यात वहिनी पण अडकल्या आणि मुलगा पण शिकला. आणि नवऱ्याचं ते "मस्करी आहे, सोडून दे", ते मनावर घेऊ नकोस आणि त्यावरून भांडूही नकोस, पुरुषांना ग्रुपवरचं ऊन कधी लागत नाही.

म्हणून ग्रुपवर त्या शब्दावरून वाद घालू नकोस. "मी कॉपीकॅट नाही" हे तर अजिबात लिहू नकोस, ते लिहिलं की सगळे वाचणार "मी कॉपीकॅट". कॉपीकॅटचा इंग्रजी अर्थ शोधून पण टाकू नकोस, मी वर एवढं सगळं सांगितलं ते तुझ्या माहितीसाठी, ग्रुपवर फेकण्यासाठी नाही.

आधी त्या गिऱ्हाईक बाईंना मेसेज कर. सरळ लिही, "ताई, मी पाठवलेला फोटो माझ्या जाऊबाईंच्या कामाचा होता, ते सांगायचं राहिलं. तुम्हाला तोच सेट हवा असेल तर त्यांच्याकडून घ्या, माझ्याकडून हवा असेल तर मी केलेल्या वस्तूंचे फोटो पाठवते." ऑर्डर गेली तर जाऊ दे.

मग वहिनींकडे जा, फोन नको, एकाच गावात आहात तर जा. दुपारी जा, भाऊजी नि मुलगा नसताना. फोटोचं आधी बोल, कारणं देत बसू नकोस की तयार सेट नव्हता वगैरे, ते त्यांना पण माहीत आहे. "वहिनी, फोटो तुम्हाला न विचारता पाठवला ते चुकलं, त्या बाईंना मी सांगितलंय तुमचं काम आहे म्हणून." एवढंच. त्यानंतर जरा थांब, त्यांना बोलू दे, बऱ्याच दिवसांचं काहीतरी साचलेलं निघेल, फोटोपेक्षा जुनं. निघू दे. मग तुझं सांग, की ग्रुपवर लिहिलंत ते मला लागलं, आणि मुलगा आता तेच म्हणतो. हे सांगायचं टाळू नकोस, माफी मागायला गेलेली माणसं आपलं गाऱ्हाणं तसंच पोटात घेऊन परत येतात आणि मग ते दिवाळीला बाहेर पडतं.

ग्रुपवर तुला लिहायचंच असेल तर वहिनींशी बोलणं झाल्यावर, आणि टोमण्याला उत्तर म्हणून नाही. पुढच्या खेपेला तुझा सेट झाला की फोटो टाक आणि खाली लिही, "गाठ मारायला वहिनींनी शिकवलं, बाळाची बासरी माझी माझी बसवली, कशी वाटते सांगा." हेच तलाठ्याच्या शिक्क्याचं काम. मूळ कुठे आहे ते सांगितलं की पुढचं तुझं. आणि मग कुणी तुला कॉपीकॅट म्हटलंच तर म्हणू दे, त्या वाक्यापुढे तो शब्द फार वेळ टिकत नाही.

धंद्याचं म्हणशील तर दोघींनी वाटून घ्या असं मी म्हणेन. नव्या नवरीचे सेट वहिनींचे, त्यांचा हात त्यात बसलाय आणि गिऱ्हाईक पण तेच आहे, आणि तू बोरन्हाणाचं बघ, मुकुट, बासरी, छोटी वाकी, कमरेची साखळी. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणं चालू असतात आणि लहान बाळाचा सेट कसा हवा तर हलका, कडा न टोचणारा, बाळ ओढून तोंडात घालणार हे धरून केलेला, टाचणी तार काही नको त्यात. ह्यात वहिनींचं बघून करायला फार काही नाहीच, तुला तुझं डोकं चालवावंच लागेल. एकीकडे आलेली दुसऱ्या प्रकारची ऑर्डर दुसरीकडे पाठवायची. वहिनी नाही म्हणाल्या तर नाही, तू तुझं कर, फक्त फोटो तुझे आणि गिऱ्हाइकं तुझी.

आणि ते पन्नास रुपये कमी लावणं बंद कर बाई. हलवा, दोरा, जिलेटिन, पुठ्ठा, डबा, ह्याचा हिशोब मांड आणि त्यात तुझे तास धर, वहिनींचा दर बघून त्यातून पन्नास वजा करणं हा दर नाही. खरं सांगू, अख्ख्या पत्रात मला जर कुठे नक्कल दिसली असेल तर ती तुझ्या दरात दिसली. त्यांनी तो दर त्यांचा माल, त्यांचा हात, त्यांची ओळख धरून लावलाय, तुला त्यातलं काही माहीत नसताना तू फक्त आकडा उचललास.

पुतण्याचं राहिलं. त्याला रागावू नकोस, तो शब्द त्याच्याच वयाचा आहे. पुढच्या वेळी म्हणाला "कॉपीकॅट काकू" की तू पण त्याच सुरात म्हण "कॉपीकॅट काकू", तो जे जे बोलेल ते ते तसंच परत म्हण, हात तसाच, मान तशीच, ओरडला तर ओरड, पळाला तर मागे पळ. पाचवीतल्या मुलाला हा खेळ फार वेळ सोसत नाही. आणि तो आईकडे तक्रार घेऊन गेलाच तर वहिनींना काय सांगायचं ते त्याचं तो बघेल.

- ताई